दोन दहा म्हणजे दोन पूर्णांक एक नव्हे
मणियाराच्या दुकानातून जावाचा एक धडा

येरमाळ्याच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान लावणारे एक मणियार चाचा आमच्या परिचयाचे आहेत. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे. येडेश्वरी देवीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस येथे लाखो लोक येतात. यात्रेस आलेली बाई हातात नवी बांगडी भरल्याशिवाय सहसा परतत नाही. त्यामुळे बांगडीवाल्याचा वर्षाचा मोठा धंदा या चार-पाच दिवसांतच होतो. त्यात चुकले तर पुढच्या चैत्राची वाट पाहावी लागते.

आम्ही कोणत्याही कंपनीत नोकरी न करता, दुकानदार व कारागिरांना लागतील ते प्रोग्रॅम मजुरीने लिहून देतो. या चाचांसाठी आम्ही जावा भाषेत साठ्याचा व विक्रीचा एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. त्यात आमच्या हातून एक चूक झाली आणि चाचांचे एका यात्रेचे नुकसान झाले. तीच चूक आज आम्ही धडा म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपली अनेक मुले-मुली संगणक शिकत आहेत. त्यांना ही गोष्ट वर्गात कोणी सांगेल असे वाटत नाही.

प्रथम छपाईविषयी एक सूचना. जावाचे राखीव शब्द आम्ही येथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टाकावयाचे असतात. प्रोग्रॅममधील आकडेही रोमनच हवेत. चलांची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ साली या भाषेचे काम हाती घेतले आणि १९९५ साली ती जाहीर झाली, तेव्हापासूनच तिने जगातील सर्व लिप्यांची युनिकोड ही वर्णव्यवस्था स्वीकारलेली आहे. त्यामुळे 'रक्कम', 'माप', 'साठा' ही नावे जावाला मान्य आहेत. २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तरी ओपन जेडीके या नावाने जावा आजही विनामूल्य मिळते. शिकण्यासाठी एक साधा संगणक पुरे होतो.

चूक कोठे झाली

बांगडीच्या डब्यावर माप लिहिलेले असते : २.२, २.४, २.६, २.८, २.१०. आम्ही ते पाहिले आणि मनाशी म्हटले, हे तर दशांश अपूर्णांक आहेत. जावात अपूर्णांकासाठी 'डबल' हा प्रकार असतो. म्हणून आम्ही लिहिले :

डबल माप = २.१०;

पुढे एक नियम घातला. माप २.२ पेक्षा कमी असेल तर 'लहान हात', २.२ ते २.६ असेल तर 'मध्यम हात', त्याहून जास्त असेल तर 'मोठा हात'. प्रोग्रॅम चालला. कोठेही अडला नाही, कोणतीही तक्रार छापली नाही. आम्ही समाधानाने घरी गेलो.

यात्रेच्या आधी चाचांच्या नातवाने संगणकावर मागच्या विक्रीचा गोषवारा काढला. त्यात 'लहान हात' या सदराखाली मोठी विक्री दिसली आणि 'मोठा हात' या सदराखाली फारच थोडी. त्याने त्याप्रमाणे माल मागवला. लहान मुलींच्या बांगड्या भरपूर आल्या, थोराड हाताच्या बायकांसाठी लागणाऱ्या अगदी मोजक्या. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन दहाचे सगळे डबे रिकामे झाले. बायका हात पुढे करीत होत्या आणि चाचा मान हलवून त्यांना परत पाठवीत होते.

यात्रा उलगल्यावर आम्ही हिशेब पाहायला गेलो तेव्हा चाचांनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवले. "बेटा, दोन दहा ही मोठ्या हाताची बांगडी आहे. तुझ्या यंत्राने ती पोरींच्या खोक्यात टाकली." आम्ही पाहिले. पडद्यावर २.१० असे नव्हतेच. तेथे २.१ असे होते आणि ते यादीत २.२ च्या वर बसले होते.

बांगडीचे माप म्हणजे काय

बांगडीचे माप हे तिच्या आतील व्यासाचे माप असते. बिंदूच्या आधीचा आकडा इंचाचा. बिंदूच्या नंतरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा. जुन्या रुपयाचे सोळा आणे होत, तसे येथे इंचाचे सोळा भाग धरले आहेत. दोन चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात सव्वादोन इंच. दोन आठ म्हणजे अडीच इंच. दोन दहा म्हणजे दोन इंच आणि दहा सोळांश. मिलिमीटरमध्ये सुमारे ६६.७. दोन चारची बांगडी ५७.१५ मिलिमीटरची. या दोहोंत साडेनऊ मिलिमीटरचा फरक आहे, आणि बांगडीच्या धंद्यात तो फार मोठा असतो.

मणियार हे सारे शाळेत शिकत नाही. तो बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचे हाड दाबून पाहतो आणि माप सांगतो. काच न फुटता मनगटावर चढते, म्हणजे त्याचे माप बरोबर असते. आमच्यापाशी जावा होती, पण डब्यावरच्या त्या बिंदूचा अर्थ आम्ही त्यांना विचारला नव्हता. आज आम्हाला हेच सांगावयाचे आहे : आकड्याचा प्रकार निवडण्यापूर्वी त्या आकड्याचा अर्थ ज्याचा धंदा आहे त्याला विचारावा. संगणकाला अर्थ कळत नाही. 'डबल' म्हटले की तो २.१० आणि २.१ एकच समजतो, आणि त्याच्या दृष्टीने तो चुकत नाही.

योग्य रचना

आता हे काम नीट कसे करावे ते पाहू. माप हा एक आकडा नाही. ते दोन पूर्णांक आहेत. जावाच्या १६ व्या आवृत्तीपासून (२०२१) अशा जोडीसाठी 'रेकॉर्ड' ही सोपी रचना कायमची मिळाली आहे. आज अनेक ठिकाणी वापरात असलेल्या १७, २१ व २५ या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्यांतही ती आहे.

रेकॉर्ड माप(इंट इंच, इंट भाग) {
    माप {
        इफ (भाग < ० || भाग > १५)
            थ्रो न्यू इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन("भाग ० ते १५ असावा");
    }
    इंट सोळांश() {
        रिटर्न इंच * १६ + भाग;
    }
}

पहिल्या ओळीत आपण सांगितले की मापात इंच व भाग असे दोन पूर्णांक आहेत. मधला तुकडा हा दारावरचा राखणदार आहे. कोणी चुकून दोन सोळा असे माप टाकले तर प्रोग्रॅम तेथेच थांबतो आणि कारण सांगतो. चुकीचा आकडा आत घेऊन पुढे गप्प बसण्यापेक्षा दारातच अडवलेला बरा. शेवटचा तुकडा सर्व मापे एका पट्टीवर आणतो. दोन चारचे सोळांश ३६, दोन आठचे ४०, दोन दहाचे ४२. आता कोणती बांगडी मोठी हे सांगण्यात संगणक चुकणार नाही. यादी क्रमाने लावण्यासाठी एक ओळ पुरते :

यादी.सॉर्ट(कम्पॅरेटर.कम्पेअरिंगइंट(माप::सोळांश));

उलट दिशेने जावयाचे असेल तर पूर्णांकांचा भागाकार कामास येतो. ४२ / १६ केले की जावा २ देते, कारण दोन इंटचा भागाकार पूर्णांकातच राहतो. ४२ % १६ केले की बाकी १० मिळते. इंच दोन, भाग दहा.

माप टाकण्याच्या जागीही आम्ही एकाऐवजी दोन रकाने केले, एक इंचाचा, एक भागाचा. नातू मराठी आकडे टाकतो, त्याचीही अडचण आली नाही. इंटिजर.पार्सइंट ही क्रिया "१०" असे देवनागरीत लिहिलेले शब्दरूपही दहा म्हणूनच वाचते.

ज्यांना डब्यावरचे "२.१०" हे शब्दरूप तोडून दोन आकडे काढावयाचे असतील त्यांच्यासाठी एक इशारा. जावात शब्दरूप तोडण्यास 'स्प्लिट' ही क्रिया आहे. पण स्प्लिट(".") असे लिहिले तर हाती काहीच लागत नाही, रिकामी यादी मिळते. स्प्लिटच्या भाषेत एकट्या बिंदूचा अर्थ 'कोणतेही अक्षर' असा आहे. खरा बिंदू हवा असेल तर त्याच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा द्याव्या लागतात : स्प्लिट("\\."). या एका गोष्टीपायी नवशिक्यांची संध्याकाळच्या संध्याकाळ जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

डझन आणि सुट्या

दुसरी चूकही आम्हाला त्याच दिवशी सापडली. साठ्याच्या रकान्यात नातू २.७ लिहीत असे. त्याचा अर्थ दोन डझन आणि सात सुट्या, म्हणजे ३१ बांगड्या. प्रोग्रॅम मात्र त्याला २.७ गुणिले १२ करून ३२.४ बांगड्या दाखवीत होता. चार दशांश बांगडी कोणत्या हातात भरणार?

येथे उपाय सोपा आहे. साठा नेहमी सर्वांत लहान नगात ठेवावा, म्हणजे एकेका बांगडीत. डझन हे फक्त दाखविण्यासाठी काढावे : ३१ / १२ म्हणजे २ डझन, ३१ % १२ म्हणजे ७ सुट्या. काच फुटते तेव्हाही एकेकच फुटते. फुटीची नोंदही त्यामुळे सरळ होते.

पैशाचा हिशेब

आता सर्वांच्या कामाची गोष्ट. रुपये-पैशात बिंदूनंतरचे आकडे खरोखरच दशांश आहेत, कारण १ एप्रिल १९५७ पासून आपल्या रुपयाचे शंभर पैसे झाले. मग येथे तरी डबल चालेल का? तेही नको. संगणक डबलमधील अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवतो, आणि ०.१ हा अपूर्णांक त्या रीतीने तंतोतंत लिहिता येत नाही. जावाला ०.१ + ०.२ किती असे विचारले तर ती ०.३०००००००००००००००४ असे उत्तर छापते. एका बिलात हे दिसत नाही. पण वर्षभराची हजारो बिले मिळवल्यावर, किंवा दोन रकमा समान आहेत का असे विचारल्यावर, हा अंश बाहेर येतो. गिऱ्हाइकाची उधारी पूर्ण फिटली तरी यंत्र म्हणते, अजून काही बाकी आहे. ज्याने पै-पै चुकवली त्याला बाकीदार ठरविणे हा त्या माणसाचा अपमान आहे.

म्हणून रक्कम पैशात आणि पूर्णांकात ठेवावी. साडेपस्तीस रुपये म्हणजे ३५५० पैसे. प्रकार मात्र 'इंट' नको, 'लाँग' घ्यावा. इंटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ आहे. पैशात धरला तर तो सुमारे दोन कोटी चौदा लाख रुपये होतो. ठोक व्यापाऱ्याची काही वर्षांची उलाढाल त्यापुढे जाऊ शकते, आणि तेव्हा इंट कोणतीही सूचना न देता उलटा फिरून ऋण आकडा दाखवतो. मॅथ.ॲडएक्झॅक्ट या क्रियेने बेरीज केली तर अशा वेळी प्रोग्रॅम थांबून ओरडतो. बेरजेसाठी तीच वापरावी.

पूर्णांकात एक पथ्य आहे : आधी गुणावे, मग भागावे. डझनाचा भाव ३५५० पैसे आणि गिऱ्हाइकाने सात बांगड्या घेतल्या. ३५५० / १२ * ७ असे लिहिले तर आधी भागाकारात २९५ उरतात आणि उत्तर २०६५ येते. ३५५० * ७ / १२ असे लिहिले तर २०७० येते. पाच पैशांचा फरक केवळ क्रमाने पडला. उरलेला अंश वर न्यावा की खाली सोडावा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवू नये, दुकानदाराला विचारावे. चाचांनी आम्हाला सांगितले की सुट्या बांगडीचा त्यांचा भाव वेगळाच असतो. म्हणजे आमचा हा सारा भागाकारच त्यांच्या दुकानात निरुपयोगी होता.

टक्केवारी काढणे अटळ असेल तेथे 'बिगडेसिमल' हा प्रकार घ्यावा आणि आकडा अवतरण चिन्हांत द्यावा : न्यू बिगडेसिमल("०.१"). चिन्हे विसरलात तर डबलची तीच अशुद्धी आत शिरते. कराचा दर प्रोग्रॅमच्या पोटात पक्का लिहू नये. तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवावा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा काचेच्या बांगड्या करमुक्त ठेवल्या गेल्या, पण त्याच दुकानातील इतर अनेक वस्तूंवर कर लागला. एकच दर सर्वांना लावणारा प्रोग्रॅम अशा दुकानात चालत नाही.

वहीने वाचवले

चूक कळल्यावर आम्ही प्रोग्रॅम दुरुस्त केला. पण जुन्या नोंदींचे काय? २.१० आणि २.१ ही दोन्ही यंत्रात एकच होऊन बसली होती. शून्य एकदा गळले की कोणत्याही युक्तीने परत येत नाही. तेव्हा चाचांनी लाल कापडाची आपली वही काढली. संगणक आल्यावरही त्यांनी ती बंद केली नव्हती. त्यात त्यांच्या हाताने 'दोन दहा, आठ डझन' असे अक्षरांत लिहिलेले होते. तीन रात्री बसून आम्ही त्या वहीवरून सारी नोंद पुन्हा भरली. त्या कामाची मजुरी आम्ही घेतली नाही. घेण्याजोगे तोंडही नव्हते.

वहीकडून आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. जुना हिशेबनीस चुकलेली ओळ खोडून नाहीशी करीत नाही. तो खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहितो, म्हणजे काय झाले हे पुढेही वाचता येते. आमचा पहिला प्रोग्रॅम शिल्लक आकडा दर वेळी पुसून नवा लिहीत असे. आता तो प्रत्येक देवाणघेवाणीची वेगळी ओळ तारखेसह ठेवतो आणि शिल्लक त्या ओळींवरून काढतो. जावात यासाठी निराळे काही लागत नाही. रेकॉर्डची किंमत एकदा बनल्यावर बदलत नाही, हा तिचा गुण येथे उपयोगी पडतो.

स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी

जी मुले-मुली पुढे आमच्याप्रमाणे स्वतंत्र काम करू इच्छितात, त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात.

१. प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एक पूर्ण दिवस दुकानात बसावे, शक्य तर गर्दीच्या दिवशी. कोणता आकडा तोंडाने कसा बोलला जातो ते ऐकावे. 'दोन दहा' असे म्हणणारा माणूस 'दोन पूर्णांक एक' असे कधीच म्हणत नाही. त्या बोलण्यातच उत्तर होते. आम्ही ऐकले नाही.

२. प्रत्येक आकड्याविषयी तीन प्रश्न विचारावेत : याचा सर्वांत लहान भाग कोणता? किती भागांचा एक पूर्ण होतो? अंश उरला तर तुम्ही काय करता?

३. निदान एक महिना वही व यंत्र दोन्ही चालवावे आणि दर आठवड्यास ताळा घ्यावा. ताळा जमेपर्यंत वही बंद करू देऊ नये.

४. काय करून देणार, किती दिवसांत, किती मजुरीत आणि चूक निघाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे आधी लेखी ठरवावे. यात दोघांचेही रक्षण आहे.

आणि दुकानदार बंधूंना एक विनंती. तुमच्या धंद्याची भाषा तुम्हाला इतकी सवयीची झालेली असते की ती सांगण्याजोगी गोष्ट आहे असे वाटत नाही. प्रोग्रॅम करणारा मुलगा समोर आला की त्याला बोली, मापे, सुटे, फूट, सारे बोलून दाखवा. ज्या घरात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी जावा शिकली तर ती या कामात शहरातील मोठ्या कंपनीच्याही पुढे राहील, कारण दोन दहाचा अर्थ तिला घरीच मिळालेला असतो.

गृहपाठ

वरील माप या रेकॉर्डसारखेच पुढील तीन रेकॉर्ड स्वतः लिहून पाहावेत.

पहिला, जमिनीचा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. २ एकर १० गुंठे याचे एकूण गुंठे ९० आले पाहिजेत. सातबाऱ्यावरील हेक्टर-आर मात्र खरे दशमान आहे, कारण शंभर आरांचा एक हेक्टर होतो. दोहोंत गल्लत करू नये.

दुसरा, सुतारकामाचा. इंचाचे आठ सूत. ३ इंच ५ सूत म्हणजे २९ सूत. राखणदार ० ते ७ पर्यंतच सूत आत सोडील असा ठेवावा.

तिसरा मुलांच्या आवडीचा, क्रिकेटचा. ४.३ षटके म्हणजे चार षटके व तीन चेंडू, एकूण २७ चेंडू. त्यात आणखी तीन चेंडू मिळवल्यावर तुमचा प्रोग्रॅम ४.६ दाखवतो की ५.०, हे पाहावे. ५.० आले तर धडा समजला.

चाचांच्या दुकानातील यादीत दोन दहा आता दोन आठच्या खाली, आपल्या जागी बसते. वही त्यांनी अजून बंद केलेली नाही. आम्हीही तसे सुचविलेले नाही.